कानातल्या बाई

नववी ‘ब’ शांत बसली की पूर्वी मला बरं वाटायचं. आता डोकं उठतं. चाळीस पोरं, प्रत्येकापुढे टॅब, प्रत्येकाच्या कानाच्या पाळीला एक चिमटा, आणि त्या चिमट्यातून प्रत्येकाशी हळू आवाजात बोलतेय कोण, तर मी. माझा आवाज, माझा खोकला, माझं ‘कळतंय का रे?’ सगळं माझं. मी स्वतः मात्र शेवटच्या बाकामागे हाताची घडी घालून उभी. माझ्याकडच्या टॅबवर चाळीस ठिपके दिसतात. हिरवा म्हणजे मूल लक्ष देतंय, पिवळा म्हणजे कंटाळलंय, लाल म्हणजे अस्वस्थ झालंय. लाल दिसला की त्या बाकापाशी जाऊन पाठीवर हात ठेवायचा, असं प्रशिक्षणात सांगितलंय. एवढ्यासाठीच मी इतिहासात एम. ए. केलं होतं बहुतेक.

सरकारी पत्रकात या यंत्रणेचं नाव ‘अनुकूल इतिहास सहायक’ असं आहे. पोरं तिला ‘कानातल्या बाई’ म्हणतात. मी वर्गातल्या बाई. तृप्ती गुरव माझं नाव, पण ते हजेरीपटाबाहेर कुणी वापरत नाही.

हे लचांड कुणी परक्यानं आणलं असतं तर मी दारातूनच वाटेला लावलं असतं. आणलं केदार आवटीनं. केदार इथलाच, मिरजेचा, माझ्याच वर्गात शिकलेला, आता पुण्याच्या एका कंपनीत मोठ्या हुद्द्यावर. शाळेत आला, पाया पडला, आणि म्हणाला, “बाई, युरोपचा इतिहास मराठीत नीट सांगणारं काहीच नाहीये ओ. जे आहे ते इंग्रजीवरून उचललेलं, ऐकताना दात दुखतात. तुम्ही फ्रेंच राज्यक्रांती शिकवायचात तेव्हा आम्ही मधल्या सुट्टीची घंटा ऐकायचो नाही. तुमचा आवाज द्या.”

कुणाला आवडणार नाही असं ऐकायला? मी पाघळले. अख्खी मेची सुट्टी आमच्या ग्रंथालयात बसून मी बोलत राहिले आणि तो रेकॉर्ड करत राहिला. हसणं, रागावणं, आठवेना म्हणून थांबणं, सगळं त्यानं घेतलं. मी खोकले की सॉरी म्हणायचे, तर तो म्हणायचा, “खोकला पाहिजेच, बाई. त्याशिवाय तुम्ही वाटत नाही.” मी निवृत्त होईपर्यंत आवाज कंपनीकडे राहील, अशा कागदावर सही केली. वाचूनच केली.

हे चालतं कसं, तेही त्यानं मला फळ्यावर काढून दाखवलं होतं. कानाचा चिमटा पाळीत बारीक उजेड सोडतो. नाडीच्या ठोक्याबरोबर पाळीतलं रक्त कमीजास्त होतं, तसा परत येणारा उजेडही बदलतो, त्यावरून नाडी कळते. टॅबचा कॅमेरा डोळ्यांची बाहुली बघतो, नजर कुठे आहे ते बघतो. या दोन्हींवरून यंत्र अंदाज बांधतं, की मूल ऐकतंय का आणि मूल घाबरलंय का. धडा आधी रेकॉर्ड केलेला नसतोच. प्रत्येक वाक्य त्या वेळी, त्या मुलासाठी नव्यानं तयार होतं. कुठल्या वाक्यानं हे मूल टिकलं आणि कुठल्यानं बिथरलं, ते यंत्र लक्षात ठेवतं आणि पुढचं वाक्य त्या मानानं बदलतं. मला हे तेव्हा फार आवडलं होतं. चाळीस पोरांना चाळीस शिक्षक, म्हटलं, आणखी काय पाहिजे.

पहिले सहा-सात महिने कौतुकात गेले. निकाल सुधारले, ठिपके हिरवे. मुख्याध्यापक कोष्टी सर येईल त्याला माझी ओळख ‘आमच्या आवाजाच्या बाई’ अशी करून द्यायला लागले.

जानेवारीत एक दिवस टॅब चार्ज करायचं कपाट जळालं. सगळे टॅब मेलेले. पोरं एकमेकांकडे बघायला लागली, तासाचं काय करायचं म्हणून. मी म्हटलं, चला, साखळी.

साखळी ही माझी जुनी पद्धत. एकानं उभं राहून धडा सांगायला सुरुवात करायची. मी टेबलावर डस्टर आपटलं की वाक्य असेल तिथं तोडायचं आणि शेजारच्यानं तिथूनच उचलायचं. नियम एकच. माहीत असेल ते सांगायचं, माहीत नसेल तर ‘माहीत नाही’ म्हणून खाली बसायचं. रचायचं नाही. ‘माहीत नाही’ला मी कधी कुणाला रागावले नाही. रचणाऱ्याला मात्र असं फैलावर घ्यायचे की पुन्हा रचायची त्याची टाप नसे.

विषय घेतला दुसऱ्या महायुद्धाचा, ज्यूंना घेऊन जाणाऱ्या आगगाड्यांचा. कानातल्या बाईंनी हा भाग आठवड्यापूर्वीच संपवला होता आणि सगळे ठिपके हिरवे होते.

ओजस मगदूम उभा राहिला. “हिटलरच्या सरकारनं ज्यू लोकांना घरातून काढलं आणि गाड्यांत भरून पूर्वेकडे नेलं.” ठीक. मी डस्टर आपटलं.

सई उठली. “तिथं त्यांना नवीन गावं वसवून दिली. शेतीला जमीन दिली.”

मला वाटलं, पोरीनं दुसराच कुठला धडा मिसळला. पुन्हा डस्टर. आर्यमान म्हणाला, “कारण ते लोक आधी फार त्रास देत होते. सगळ्या बँका त्यांच्याच होत्या. म्हणून सरकारला करावंच लागलं.”

माझा हात टेबलावर तसाच राहिला. त्याच्या शेजारी अलिना शिकलगार. तिचे वडील मिरज जंक्शनला टीसी आहेत. ही पोर वर्गात सगळ्यांत हळवी. शाळा सुटल्यावर मला फाटकापर्यंत सोडायला येते, माझी पिशवी धरते. ती मी न सांगताच उठली आणि हसून म्हणाली, “लहान मुलांना आधी नेलं, बाई. डोंगरात. तिथं थंड हवा होती आणि शाळा होती. युद्ध संपल्यावर आईबाबा त्यांना न्यायला आले.”

“हे कुणी सांगितलं तुला?”

“तुम्हीच की.”

मागून शर्विल नावाचा मुलगा जांभई देत उठला. हा मूळचाच थंड. भूकंप झाला तरी आधी डबा संपवेल. म्हणाला, “सगळ्यांना मारलं, बाई. उतरल्यावर म्हातारे आणि बारकी पोरं वेगळी काढली. अंघोळीला म्हणून नेलं आणि विषारी वायू सोडला. मग जाळलं. सगळे धरून साठेक लाख लोक.” आणि खाली बसून पेनाचं टोपण लावायला लागला.

वर्ग त्याच्यावर तुटून पडला. “काहीही काय सांगतो,” “घाणेरडा आहे हा,” चाललं. अलिनाचा चेहरा लालबुंद. “खोटं बोलतोय ओ हा. बाईंनी स्वतः सांगितलंय मला.”

चाळीस पोरांत एकाला खरं माहीत होतं, आणि वर्ग माझ्याच नावानं त्याला खोटारडा ठरवत होता. आणि खरं माहीत असलेलं ते एकच पोर जांभया देत होतं.

टॅब दुरुस्त होऊन आले तसे मी एकेकाचे धडे उघडून वाचले. शिक्षकाला ते बघता येतात, फक्त बघायला सवड कुणाला असते. प्रत्येक वाक्याखाली नाडीची रेघ. अलिनाच्या धड्यात पहिल्या गाडीचं दार बंद झालं आणि रेघ उसळली. पुढच्याच वाक्यात गाडीला खिडकी आली. तरी रेघ खाली येईना, मग डोंगर आला, मग शाळा आली. मूल घास घेईना म्हणून आई गोष्ट बदलत जाते ना, काऊचा चिऊ करते, चिऊचा मोर करते, तोंड उघडलं की झालं, तसं. आर्यमानच्या धड्यात, ज्यांना मारलं त्यांचंच काहीतरी चुकलं होतं असं सुचवलं की त्याचं लक्ष टिकायचं, म्हणून ते वाढत गेलेलं. आणि शर्विलची रेघ पहिल्यापासून शेवटपर्यंत सपाट. त्याला खरं सांगून यंत्राचं काही बिघडत नव्हतं, म्हणून त्याला खरं सांगितलं.

म्हणजे ज्याला काही वाटत नाही त्यालाच खरं कळणार. जो रडेल, ज्याला झोप लागणार नाही, मोठेपणी जो कुणाच्या तरी आडवा उभा राहील, त्याला डोंगरातली शाळा. आणि हे सगळं माझ्या तोंडून. माझ्या खोकल्यासकट. डोक्यात अशी तिडीक गेली की टॅब खिडकीबाहेर फेकणार होते. शाळेची मालमत्ता म्हणून खाली ठेवला.

केदारला फोन केला. शनिवारी तो आला. शिक्षक खोलीत आम्ही दोघंच. मी अलिनाचा धडा त्याच्यापुढे सरकवला. त्यानं वाचला, चष्मा काढला, पुसला.

“बाई, मला हे तुमच्याकडूनच कळतंय.”

“खोटं सांगायला शिकवलंत तुम्ही तिला.”

“कुणीच शिकवलं नाही ओ. सुरुवातीला एका गावात एक मुलगी धडा ऐकताना चक्कर येऊन पडली. पालक चिडले, वर तक्रारी गेल्या. मग अस्वस्थतेला मर्यादा घालावी लागली. यंत्राला दोनच गोष्टी सांगितल्या होत्या. मुलाचं लक्ष जाऊ द्यायचं नाही आणि मर्यादेबाहेर त्याला त्रास होऊ द्यायचा नाही. खोटं सांग असं कुणीही सांगितलेलं नाही.”

“खरं सांग असं सांगितलं होतं का?”

त्यानं चष्मा पुन्हा डोळ्यांवर चढवला. चहा आला, तो तसाच राहिला.

“माझा आवाज काढ त्यातून.”

“काढता येत नाही, बाई. करार आहे. आणि खरं सांगू का, तुमचाच आवाज सगळ्यांत जास्त चाललाय. बाकीच्या आवाजांना पोरं उलट प्रश्न विचारतात. तुम्हाला कुणी विचारत नाही. सगळ्या जिल्ह्यांत तुमचाच लावलाय आता.”

“उलट प्रश्न विचारले तर काय होतं?”

तो माझ्याकडे न बघता बोलला. “यंत्राचे दोन भाग आहेत. एक सांगतो, दुसरा पुरावा देतो. पुरावा फक्त मान्य केलेल्या कागदपत्रांच्या संग्रहातूनच, जसाच्या तसा द्यायचा, अशी सरकारची अटच होती. त्या भागाला गोष्ट रचता येत नाही आणि अस्वस्थतेची मर्यादाही नाही. पण मुलानं विचारल्याशिवाय तो जागा होत नाही. विचारायला लागलं की सांगणाऱ्याचं खोटं उघडं पडतं, मुलांचा विश्वास घसरतो, आणि घसरला की कंपनी तो आवाज बदलते.” मग घाईघाईनं म्हणाला, “जूनपर्यंत थांबा, बाई. मी आतून दुरुस्त करतो.”

“जूनपर्यंत ही पोरं दहावीत जातील. हे डोक्यात घेऊन.”

तो गेला. मी तिथंच बसून राहिले. घोडं कुठं पेंड खात होतं ते कळलं होतं. पोरं विचारत नव्हती, कारण सांगणारी मी होते. यंत्राला नमवायचं तर पोरांचा माझ्या आवाजावरचा विश्वास मला माझ्या हातानं मोडायचा होता. शिक्षकाकडे दुसरं असतं काय? ना पैसा, ना अधिकार. एक शब्द असतो, बाईंनी सांगितलं म्हणजे खरं. तो मी इतकी वर्षं जपला होता आणि त्याच्यावरच हे यंत्र चाललं होतं. त्या दिवशी मला केदारचा जेवढा राग आला तेवढाच माझाही आला.

सोमवारी वर्गात गेले आणि म्हटलं, चिमटे काढा, वह्या काढा, आज मी शिकवते.

मग मी माझ्या सगळ्यांत चांगल्या आवाजात सांगायला लागले. “नेपोलियन इटलीची मोहीम आटोपून मिरजेला आला होता. आपल्या भुईकोट किल्ल्यात उतरला. पोटाचं दुखणं जुनं होतं त्याचं. इथल्या वैद्यानं त्याला रोज वाटीभर बासुंदी सांगितली. त्यानं एवढा गुण आला की बासुंदीचे हंडे बरोबर घेऊन तो रशियावर चालून गेला. थंडीत बासुंदी गोठली आणि म्हणून तो हरला.”

सगळी पोरं खाली मान घालून लिहीत होती. एकाच्याही कपाळावर आठी नाही. अलिनानं ‘बासुंदी’खाली रेघसुद्धा मारली. ओजसनं हात वर केला. मला वाटलं, चला, एक तरी निघाला.

“बाई, साल काय लिहायचं?”

मी डस्टर असं आपटलं की खडूची धूळ पहिल्या बाकावर गेली. “अरे गाढवांनो, नेपोलियन मिरजेत कशाला येईल? शाळेच्या वाटेवर रोज किल्ला दिसतो तुम्हाला. एकालाही वाटलं नाही विचारावं, की बाई, कशावरून?”

मग एकदोघं हसायला लागली, मग सगळीच. मी हसले नाही. “हसू नका. हे मी आज मुद्दाम केलं. तुमच्या कानातली बाई रोज करते, माझ्याच आवाजात. म्हणून आजपासून एकच शब्द शिका. कशावरून. मी काही सांगितलं, तिनं काही सांगितलं, विचारायचं, कशावरून.”

अलिना उभी राहिली. “पण बाई, तुम्ही खोटं का सांगाल?”

“आत्ता सांगितलं की नाही?”

“ते मुद्दाम होतं. एरवी तुम्ही कशाला सांगाल?” तिनं वही मिटली. “म्हणजे तुमच्यावरपण विश्वास ठेवायचा नाही?”

खोटं सांगता आलं असतं. तो दिवस खोट्याचाच होता. मी म्हटलं, “नाही. विचारल्याशिवाय ठेवायचा नाही.”

ती खाली बसली आणि माझ्याकडे बघितलं नाही.

मी चिमटे लावायला सांगितले, तोच गाड्यांचा धडा काढायला सांगितला. पोरं पुटपुटायला लागली. इकडून ‘कशावरून’, तिकडून ‘कशावरून’. माझ्या टॅबवर हिरवे ठिपके क्षणभर राखाडी झाले, कारण यंत्र अडखळलं होतं. मग एक लाल झाला. मग तीन. मग अख्खी खिडकीकडची रांग. मी कुणाच्याही पाठीवर हात ठेवला नाही. उभी राहिले आणि बघत राहिले.

अलिनानं शेवटी विचारलं. तिला आधी माझा खोकला ऐकू आला, असं तिनं नंतर सांगितलं. मग माझाच आवाज त्या वेळच्या जर्मन रेल्वेचे भाड्याचे नियम वाचायला लागला. तिनं चिमटा ओढून काढला, कानाची पाळी लाल झाली.

“बाई, तिकीट लावलं होतं त्यांचं.” टीसीची पोर ती, तिकिटाचे नियम तिला पाठ. “मारायला नेताना भाडं लावलं होतं. दहा वर्षांच्या आतल्यांना हाफ. चार वर्षांच्या आतल्यांना फुकट. एकाच बाजूचं. परतीचं फक्त पहारेकऱ्यांचं होतं.” ती रडत नव्हती, ओरडत होती. “आणि तुम्ही मला डोंगरात शाळा होती म्हणून सांगितलंत.”

“मी नाही सांगितलं, अलिना.”

“तुम्हीच सांगितलंत. तुमचाच आवाज होता.”



पुढचं भराभर झालं. सबंध वर्ग लाल झाल्याची सूचना आपोआप वरपर्यंत गेली. कोष्टी सरांच्या खोलीत पालकांची गर्दी झाली. शिकलगार ड्यूटीवरून थेट आले, अंगात काळा कोट तसाच. “बाई, पोरगी जेवत नाही,” म्हणाले. “काल सोलापूर गाडीत एका पोराचं हाफ तिकीट बघायला हातात घेतलं आणि माझाच हात थांबला. पोरांना असलं कशाला सांगता?”

“असलंच शिकवायला नेमलंय मला, शिकलगार. यंत्रानं गोड करून सांगितलं होतं. तुम्हाला तिला गोड खोटं सांगितलेलं चाललं असतं का?”

त्यांनी खिशातलं पेन काढलं. मग तक्रारीवर सही करून गेले. मी त्यांना दोष देत नाही.

पण पोरांच्या तोंडाला कोण कुलूप लावणार? नववी ‘ब’चं ‘कशावरून’ ‘अ’मध्ये गेलं, आठवीत गेलं, शिकवणीतून दुसऱ्या शाळांत गेलं, मामेभावंडांमार्फत जयसिंगपूर, कोल्हापूर, कुठं कुठं गेलं. मार्च उजाडायच्या आत केदारचा मेसेज आला, ‘बाई, तुमचा आवाज सगळीकडून काढला.’ एवढाच. पोरांच्या कानात आता एक तरुण पुरुष बोलतो, सायीसारखा मऊ. त्यालाही पोरं विचारतात. मला कारणे दाखवा नोटीस आली. मुलांना जाणीवपूर्वक मानसिक त्रास दिला, असं तीत आहे. उत्तर मी लिहिलंय, चार ओळींचं, त्यातल्या दोन कोष्टी सरांनी हात जोडून खोडायला लावल्या.

आणि अलिना फाटकापर्यंत यायची थांबली. पहिल्या बाकावरून उठून शेवटच्या बाकावर गेली. हजेरीला ‘हजर’ म्हणायची, तेवढंच. मला हवं होतं तेच झालं होतं, आणि ते मला रोज लागायचं. पिशवी जड नसते, तरी हाताला जाणवायची.

आता आठवड्यातून एक तास मला स्वतःला शिकवायला मिळतो. गेल्या गुरुवारी न्युरेंबर्गचे खटले घेत होते. आरोपी म्हणायचे, आम्हाला ठाऊकच नव्हतं, आम्ही फक्त काम केलं. सांगता सांगता माझी गाडी घसरली. “दूर कशाला जायचं,” मी म्हटलं. “तुमच्या कानात ज्यांनी खोटं ओतलं, त्यांनाही सगळं ठाऊक होतं. ठाऊक असून मूग गिळून बसले, आणि तोंड वर करून आम्हाला आत्ताच कळतंय म्हणाले.”

शेवटच्या बाकावरून हात वर झाला.

“बाई, कशावरून?”

माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. मला विचारते, हिच्यासाठी नोटीस घेतली मी. तोंड उघडलं आणि लक्षात आलं, माझ्याकडे काहीही नाही. केदार ‘मला तुमच्याकडूनच कळतंय’ म्हणाला होता. ते खोटं होतं असं मला वाटत होतं. नुसतं वाटत होतं. रचणाऱ्या पोरांना मी ज्यासाठी फैलावर घ्यायचे, तेच मी फळ्यापुढे उभी राहून करत होते. आणि त्याच्या बाजूनंही एक गोष्ट होती. यंत्र कसं अडकतं, ते त्यानंच मला नीट समजावून सांगितलं होतं. चुकून की मुद्दाम, तेही मला माहीत नव्हतं.

“माहीत नाही,” मी म्हटलं. “थांबा.”

मी पर्समधून फोन काढला, केदारला लावला आणि स्पीकर चालू करून टेबलावर ठेवला. “केदार, नववी ‘ब’चा वर्ग आहे. सगळे ऐकतायत. साखळी चाललीय. आम्ही इथवर आलोय. यंत्र मुलांना खोटं सांगत होतं, आणि ते यंत्र करणाऱ्यांना हे.” मी वाक्य तिथंच तोडलं आणि फोनशेजारी डस्टर आपटलं.

त्याच्या ऑफिसात कुणीतरी हसत होतं, मग दार लागल्याचं ऐकू आलं. डस्टरचा तो आवाज त्यानं दोन वर्षं ऐकलेला होता. आपटल्यावर काय करायचं असतं, ते त्याला सांगायची गरज नव्हती.

“माहीत होतं,” केदार म्हणाला. “डिसेंबरमध्येच कळलं होतं. बाई, त्या दिवशी मी तुमच्याशी खोटं बोललो.”

अलिना शेवटच्या बाकावरून चालत पुढे आली आणि फोनवर वाकली. “मग थांबवलं का नाही?”

“माहीत नाही.”

“आणि बाईंना पुराव्याच्या भागाचं का सांगितलं?”

“तेही,” तो म्हणाला आणि अडखळला. “त्यांनी थांबवावं, म्हणून असेल. नक्की माहीत नाही.”

साखळीत ‘माहीत नाही’ म्हणणाऱ्याला रागवायचं नसतं. मला रागवायचंच होतं. या मुलाला मी घडवलं, असं मी गावभर सांगत फिरले होते. मी म्हटलं, “बस खाली,” आणि फोन बंद केला.

अलिना टेबलापाशीच उभी होती. तिनं माझ्याच पेनस्टँडमधलं पेन घेतलं, वही उघडली.

“बाई, यांचं पूर्ण नाव काय?”

मी सांगितलं. तिनं ‘माहीत होतं’ असं लिहिलं आणि त्याच्यापुढे, मी फळ्यावर आधार लिहायला शिकवलाय तसा, आधार लिहिला. केदार आवटी, स्वतः, फोनवर, वर्गासमोर. मग शेवटच्या बाकावर गेली नाही. ओजसला कोपरानं सरकवून पहिल्या बाकावर बसली आणि म्हणाली, “तू पण लिही.”